अस्वलाची शिकार किंवा फास आढळल्यास : नोंद, तक्रार आणि पाठपुरावा कसा करावा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये अस्वलाला वाघाच्याच पंक्तीत बसवलेले आहे. दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. अस्वलाच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कारावास, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. दंडाची ही किमान रक्कम आधी १० हजार होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती वाढली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कागदावर एवढे भक्कम संरक्षण असूनही प्रत्यक्षात मोठा फरक पडतो. वाघ मेला की राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ठरवून दिलेली कार्यपद्धती लागू होते, दिल्लीपर्यंत अहवाल जातो आणि वर्तमानपत्रेही विचारणा करतात. अस्वलासाठी असे स्वतंत्र प्राधिकरण नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये अस्वलांच्या संवर्धनाचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला, पण एखाद्या वनपरिक्षेत्रात अस्वल फासात सापडून मेले, तर त्या प्रकरणाचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी तिथल्या अधिकाऱ्याच्या इच्छेवर आणि बाहेरून कोणी विचारणा करते की नाही यावर अवलंबून राहते.

ही विचारणा कशी करावी, हे पुढे सांगितले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य अशा अस्वलांच्या मुलखात राहणारे शेतकरी, मोहफूल वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे, शिक्षक आणि स्थानिक वार्ताहर हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत, कारण फास किंवा मृत अस्वल बहुतेक वेळा त्यांनाच प्रथम दिसते. शिकारीची प्रकरणे जंगलात जितकी हातची जातात तितकीच ती कार्यालयात जातात, आणि कार्यालयातली गळती थांबवणे सामान्य नागरिकालाही शक्य आहे, अशी माझी धारणा आहे.

कायद्याच्या दृष्टीने शिकार कशाला म्हणतात

बंदुकीने मारणे म्हणजेच शिकार, असा समज अजूनही आहे आणि आरोपी त्याचाच आधार घेतात. अधिनियमाच्या कलम २(१६) नुसार मारणे, विष घालणे, पकडणे, फास किंवा सापळा लावणे, हाका करून पिटाळणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सर्व शिकारीच्या व्याख्येत येते. प्राण्याच्या शरीराचा भाग काढून घेणेही त्यात आले. त्यामुळे रिकामा फास हासुद्धा गुन्ह्याचा पुरावा आहे. ‘अजून काही अडकलेले नाही, मग गुन्हा कसला?’ असे उत्तर मिळाल्यास हे कलम शांतपणे दाखवावे.

‘फास डुकरासाठी होता, अस्वल चुकून अडकले,’ असा बचाव वारंवार केला जातो. पिकांचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत कलम ११ खाली परवानगी देण्याची तरतूद आहे. परंतु ती सक्षम अधिकाऱ्याने, लेखी आणि कारणे नमूद करून द्यावी लागते. तारेचा फास समोर येणाऱ्या प्राण्याची जात ओळखत नाही आणि तो लावणाऱ्याला हे ठाऊक असते. पहिल्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्याबाबत लेखी आदेश काढू शकतात. त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही अशी त्यांची खात्री झाल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. हल्ला होत असताना स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला कलम ११(२) चे संरक्षण आहे. अस्वलाच्या हल्ल्यात जखमी झालेल्या माणसाने म्हणूनच घटना लपवू नये. पण पळून गेलेल्या अस्वलाचा जमाव करून माग काढणे आणि लाठ्या-कुऱ्हाडींनी त्याला मारणे, हे या संरक्षणात बसत नाही.

फास दिसल्यावर

विदर्भातल्या जंगलात सर्रास आढळणारा फास मोटारसायकलच्या क्लचच्या किंवा ब्रेकच्या तारेचा असतो. अनेक बारीक पोलादी धाग्यांचा पीळ असल्याने ती तार लवचिक असते आणि सहजी तुटत नाही. तारेच्या एका टोकाला छोटी गाठ मारून त्यातून दुसरे टोक ओवतात. जनावर पुढे जायला लागले की वेढा आवळत जातो आणि मागे सरकले तरी सैल होत नाही. मोकळे टोक झाडाच्या बुंध्याला, खुंट्याला किंवा जड ओंडक्याला बांधलेले असते. वेढा पायवाटेवर, शेताच्या कुंपणातल्या फटीत किंवा पाणवठ्याच्या उतारावर, जमिनीपासून हातभर उंचीवर टांगलेला असतो आणि दोन्ही बाजूंना काट्याच्या फांद्या टाकून जनावराला तिथूनच जायला भाग पाडलेले असते. एक फास दिसला की त्याच वाटेवर पुढेमागे आणखी असण्याची दाट शक्यता असते.

अशा वेळी पहिली इच्छा तो उपटून फेकून देण्याची होते आणि ती स्वाभाविक आहे. तरीही तसे करू नये. फास काढला की पुरावा गेला. शिवाय तार हातात घेऊन जंगलातून येणाऱ्या माणसालाच संशयित ठरवणे सोपे असते. प्रथम दुरून, सभोवतालची झाडे, खडक, वाट दिसेल असे छायाचित्र घ्यावे. मग मध्यम अंतरावरून फास आणि तो बांधलेली जागा यांचे. शेवटी जवळून, शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. मोबाइलमधील स्थानदर्शक सुरू ठेवावा आणि अक्षांश-रेखांश वहीत लिहूनही घ्यावेत. जवळचा वनविभागाचा कक्ष क्रमांकाचा दगड, नाल्याचे नाव, शेताचा गट क्रमांक यांपैकी जे कळेल ते टिपावे. मूळ छायाचित्रे फोनमधून पुसू नयेत, त्यांवर अक्षरे वा खुणा टाकू नयेत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते देताना मूळ फोन व मूळ फाइल उपलब्ध असल्यास काम सोपे होते. हीच छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. फास लावणारा त्याच गावचा असेल, तर वनरक्षक पोहोचण्याआधी त्याला खबर मिळते.

शेताभोवती किंवा जमिनीलगत खुंट्यांवर ताणलेली उघडी तार दिसली, तर तिच्यात वीजप्रवाह आहे असेच गृहीत धरावे. छायाचित्रासाठीही जवळ जाऊ नये. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून प्रवाह बंद करण्यास सांगावे आणि त्यानंतरच वनकर्मचाऱ्यांना तिथपर्यंत न्यावे. येथे वीजचोरीचा स्वतंत्र गुन्हाही घडत असल्याने विद्युत अधिनियम, २००३ खाली वेगळी कारवाई होऊ शकते. तक्रारीत दोन्हींचा उल्लेख करावा. पिठाच्या गोळ्यात किंवा मांसात दडवलेला गावठी बॉम्ब दिसल्यास त्याला पायाने ढकलूनही पाहू नये. तिथे पोलिसांना बोलावणे आवश्यक आहे.

अस्वल जिवंत अडकलेले असेल तर

फासातले अस्वल हे जंगलातल्या सर्वांत धोकादायक जनावरांपैकी एक समजावे. एरवीही त्याची नजर फारशी तीक्ष्ण नसते, वास आणि जवळचा आवाज यांवर ते विसंबते आणि दचकले की पळण्याऐवजी अंगावर येते. अडकलेले अस्वल तर झटक्याने तार तोडू शकते किंवा खुंटासकट धावून येऊ शकते. मादी असेल तर पिल्ले जवळपास असण्याची शक्यता धरावी. अस्वलाला बहुधा दोन पिल्ले होतात, लहानपणी ती आईच्या पाठीवर बसून फिरतात आणि दोन वर्षांची किंवा त्याहून थोडी मोठी होईपर्यंत तिच्यासोबत राहतात. दिसलेले पिल्लू उचलून घरी आणणे हा, कितीही दयेने केला तरी, गुन्हाच आहे. शिवाय आई जिवंत असेल तर तिची आणि पिल्लाची कायमची ताटातूट होते.

वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. तिथे फोन करावा, त्याच वेळी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यालाही कळवावे आणि गर्दी जमू लागली असेल तर ११२ वर पोलिसांनाही सांगावे. फोनवर बोलल्याची वेळ आणि समोरच्याचे नाव-पद लिहून ठेवावे. पुढे ‘आम्हाला उशिरा कळले’ असे म्हटले गेले तर ही नोंद उपयोगी पडते. पथक येईपर्यंत आपले काम एवढेच : लोकांना लांब ठेवणे, कुत्री बांधायला लावणे, गोंगाट आणि दगडफेक होऊ न देणे. जनावराला पाणी किंवा अन्न देण्याचा प्रयत्न करू नये, कारण बेशुद्धीचे औषध देताना पोट भरलेले असणे धोक्याचे असते.

पथकासोबत पशुवैद्यकीय अधिकारी आहे का, हे जरूर विचारावे. तार कापून जनावराला लगेच जंगलात हाकलणे सोपे असते, पण तारेखालच्या मांसाचा रक्तपुरवठा तासन्‌तास बंद झालेला असतो. वरून किरकोळ दिसणारी जखम पुढच्या काही दिवसांत सडते आणि जनावर कुठेतरी झुडपात मरते. सतत झटापट केल्यामुळे स्नायूंना होणारी इजाही अशीच उशिरा प्राणघातक ठरते. अस्वल सोडावे की काही दिवस निरीक्षणाखाली ठेवावे, हा निर्णय पशुवैद्यकाने तपासून घ्यायला हवा आणि तो लेखी असायला हवा. ‘सुखरूप निसर्गमुक्त केले’ अशी बातमी छापून आल्यावर त्या अस्वलाचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. ते विचारले पाहिजे.

मृत अस्वल आढळल्यास

प्रकरणे सर्वांत जास्त इथे निसटतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो. मृतदेहाला हात लावू नये, नख किंवा केससुद्धा उचलू नयेत. कलम ३९ नुसार वन्यप्राण्याचे शव आणि त्याचे अवयव शासनाची मालमत्ता असतात आणि ते कोणाच्या ताब्यात आले तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते.

अस्वल कशासाठी मारले जाते, हे माहीत असेल तर काय पाहायचे ते कळते. पूर्वी मादीला मारून पिल्ले पळवत आणि ती नाचवण्यासाठी विकत. कायद्याने बंदी असूनही हा व्यवहार अनेक दशके चालला आणि रस्त्यावर नाचवले जाणारे शेवटचे ज्ञात अस्वल २००९ मध्ये सोडवले गेले. पित्ताशयाचा व्यापार मात्र संपलेला नाही. अस्वलाच्या पित्तातील एका आम्लाला पूर्व आशियातील पारंपरिक औषधांमध्ये मागणी आहे. तेच आम्ल आज कारखान्यात तयार होते आणि औषधांच्या दुकानात मिळते, तरीही जंगली पित्ताला किंमत येते. शिवाय नखे, केस, दात आणि चरबी यांना ताईत आणि तथाकथित औषधे म्हणून गिऱ्हाईक असते. त्यामुळे शवाचे पोट चिरलेले आहे का, पंजे शाबूत आहेत का, नखे उपटलेली आहेत का, हे अंतरावरून पाहून टिपावे. मान, कंबर किंवा पायाभोवती केस झडून गोल वळ उठला असेल, तर तो फासाचा असू शकतो. जबडा फाटलेला असल्यास बॉम्बचा, तोंडावर किंवा तळव्यांवर भाजल्याच्या खुणा असल्यास विजेचा संशय घ्यावा. निदान करणे हे आपले काम नाही, पण आपण पाहिलेले पंचनाम्यात लिहिले गेले की नाही, हे पाहणे आपल्या हातात आहे.

पंचनामा होताना शक्य असल्यास पंच म्हणून उभे राहावे. सही करण्याआधी मजकूर पूर्ण वाचावा, कोऱ्या कागदावर किंवा मोकळ्या सोडलेल्या जागांखाली सही करू नये. अवयव शाबूत असल्याची किंवा नसल्याची नोंद प्रत्येक अवयवाचे नाव घेऊन केलेली असावी. ‘सर्व अवयव शाबूत’ एवढ्या तीन शब्दांवर समाधान मानू नये.  अस्वलाच्या प्रत्येक पंजाला पाच नखे असतात, म्हणजे एकूण वीस. ती मोजून लिहिली गेली पाहिजेत. जागेवरील तार, खुंट, पावलांचे ठसे, विडीचे थोटूक, चार्जिंगची केबल असे जे काही मिळेल ते जप्तीनाम्यात यावे आणि पंचांसमोर सीलबंद व्हावे.

शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकारीच करतो. शव कुजलेले असेल तर वरवर पाहून ‘नैसर्गिक मृत्यू’ किंवा ‘आपसातील झुंज’ असे कारण नोंदवले जाण्याचा धोका अधिक असतो. कुजलेल्या शवातही हाडातला छर्रा टिकतो, म्हणून मेटल डिटेक्टर वापरला का, हे विचारावे. विषाचा संशय असल्यास जठर, यकृत यांचे नमुने प्रयोगशाळेत गेले पाहिजेत. जप्त केलेले पित्त, मांस किंवा कातडे अस्वलाचेच आहे हे सिद्ध करण्यासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राची प्रयोगशाळा यांसारख्या ठिकाणी डीएनए तपासणी होते. हा अहवाल नसेल तर आरोपीचा वकील न्यायालयात पहिला प्रश्न तोच विचारतो आणि तेथे खटला ढासळतो. शेवटी, अवशेष जाळून नष्ट करताना पित्ताशय आणि नखेही नष्ट झाली का, याचा स्वतंत्र पंचनामा व्हावा. हे विचारणे म्हणजे कोणावर आरोप करणे नव्हे. मौल्यवान वस्तू हाताळणाऱ्या प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही याच कागदाचे संरक्षण असते.

तक्रार कोणाकडे आणि कशी

तोंडी खबर दिल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार द्यावी. ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे असावी, प्रत उपवनसंरक्षकांना आणि जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांना पाठवावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तीच तक्रार नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवावी, ईमेलनेही पाठवावी. मजकूर एका पानाचा पुरे : कधी, कुठे, काय पाहिले, कोणाला किती वाजता कळवले, सोबत किती छायाचित्रे जोडली आहेत आणि ‘वन्यजीव अधिनियमाच्या शिकारबंदीच्या कलम ९ चा भंग झाल्याचे दिसत असल्याने गुन्हा नोंदवून त्याचा क्रमांक मला कळवावा’ ही विनंती. ऐकीव माहिती आणि स्वतः पाहिलेले यांत स्पष्ट फरक ठेवावा. एखाद्याचे नाव संशयित म्हणून सांगायचे असेल, तर ते तक्रारीत न लिहिता अधिकाऱ्याला गोपनीयरीत्या सांगणे बरे. चुकीचे नाव गावभर झाले तर एका निरपराध कुटुंबाचे जगणे कठीण होते आणि तपासही भरकटतो.

स्थानिक कर्मचाऱ्यांवरच संशय असेल किंवा प्रकरणात दुसऱ्या राज्यातला खरेदीदार दिसत असेल, तर मुख्य वनसंरक्षक, वनविभागाची दक्षता शाखा, नागपूर येथील प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांचे कार्यालय आणि २००७ मध्ये स्थापन झालेला केंद्राचा वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो यांना थेट लिहावे. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यालाही कलम ५० खाली झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार आहेत. त्यामुळे ‘हे आमचे काम नाही, वनखात्याकडे जा,’ हे पोलीस ठाण्यातले उत्तर मान्य करू नये.

अभयारण्यात मोहफूल वेचायला गेलेल्या माणसाने फास पाहिला तर तो बहुधा गप्प बसतो, कारण ‘तू आत काय करत होतास?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जाईल, अशी त्याला भीती असते. ही भीती निराधार नाही. यावर सर्वांत चांगला उपाय ग्रामसभा हा आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने ग्रामसभेला आणि वनहक्कधारकांना वन्यजीव, जंगल व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या, सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांकडे तर यासाठी स्वतःची समितीच असते. ग्रामसभेने ठराव करून फास आढळल्याचे कळवले की एकट्या माणसाचे नाव मागे राहते आणि त्या ठरावाकडे दुर्लक्ष करणे अधिकाऱ्यालाही अवघड जाते. गावकरी आणि बीटचा (एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या नियतक्षेत्राचा) वनरक्षक यांनी मिळून पावसाळा संपल्यानंतर आणि उन्हाळ्यात पाणवठे आटू लागताना फास शोधण्याची फेरी काढणे, हा याच ठरावाचा भाग करता येतो. फेरीत सापडलेल्या प्रत्येक फासाची जागेसह नोंद व्हावी. नुसत्या तारांचा ढीग गोळा करून काढलेल्या छायाचित्रातून कोणती वाट धोक्याची आहे हे पुढच्या वर्षी कळत नाही.

तपासावर नजर

गुन्हा नोंदला गेल्याचा पहिला कागद म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, ज्याला खात्यात सगळे ‘पीओआर’ म्हणतात. त्याचा क्रमांक मिळाला की निम्मे काम झाले. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली उपवनसंरक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा लागतो. शुल्क १० रुपये, आणि त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल :

‘दिनांक ... रोजी ... नियतक्षेत्र, कक्ष क्रमांक ... येथे आढळलेल्या मृत अस्वलाबाबत : नोंदवलेल्या प्राथमिक गुन्हा अहवालाचा क्रमांक व दिनांक; घटनास्थळ पंचनामा, जप्तीनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती; प्रयोगशाळेकडे नमुने पाठवल्याच्या पत्राची आणि प्राप्त अहवालाची प्रत; अवशेषांच्या विल्हेवाटीच्या पंचनाम्याची प्रत; न्यायालयात फौजदारी तक्रार दाखल केली असल्यास तिचा क्रमांक, दिनांक व न्यायालयाचे नाव; घटनेपूर्वीच्या तीन महिन्यांत त्या नियतक्षेत्रात झालेल्या गस्तींची महिनावार संख्या.’

शेवटचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. गस्तीचे मार्ग मागितले तर सुरक्षिततेच्या कारणाने नकार मिळेल आणि तो योग्यही ठरेल. संख्या मागितली तर तसे कारण देता येत नाही. एका वनरक्षकाकडे दोन-दोन बीट असतील तर तेही या आकड्यांतून कळते, आणि मग प्रश्न त्या वनरक्षकाला न विचारता रिक्त पदे न भरणाऱ्यांना विचारायला हवा.

उत्तराची मुदत ३० दिवस आहे. ‘तपास चालू आहे’ असे सांगून कलम ८(१)(ज) चा आधार घेत माहिती नाकारली जाऊ शकते. मात्र तपास चालू असणे हे एकटे कारण पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येईल हे अधिकाऱ्याने दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंह नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. साक्षीदारांचे जबाब नाकारले तर ते समजण्यासारखे आहे, पण पीओआरचा क्रमांक नाकारण्याला आधार नाही. नकार मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाकडील प्रतीक्षा लांबलचक असू शकते. त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

कागद हाती आल्यावर ते तारखांच्या क्रमाने लावून वाचावेत. घटना आणि पीओआर यांत किती दिवस गेले? नमुने घेतले कधी आणि पाठवले कधी? आरोपींचे जबाब सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवले का? वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५०(८) खाली अशा अधिकाऱ्याने नोंदवलेली साक्ष न्यायालयात ग्राह्य धरता येते. खालच्या दर्जाच्या कर्मचाऱ्याने लिहिलेल्या जबाबाला ते बळ मिळत नाही. अटक झालेले सगळे मजूरच आहेत आणि माल घेणाऱ्याचा कुठेच उल्लेख नाही, असे दिसले तर त्यांचे फोन तपासले का, हा प्रश्न लेखी विचारावा. तार लावणाऱ्या गरीब माणसाला तुरुंगात पाठवून खरेदीदाराला मोकळे सोडले, तर पुढच्या हंगामात त्याच वाटेवर दुसरा गरीब माणूस तार लावतो. प्रकरण तडजोडीने, दंड घेऊन मिटवल्याचे सांगण्यात आले तर ती सरळ बेकायदा गोष्ट आहे, कारण किमान कारावास ठरवून दिलेल्या गुन्ह्यांना कलम ५४ ची तडजोड लागू होत नाही.

वन्यजीव गुन्ह्यात पोलिसांच्या दोषारोपपत्राऐवजी अधिकृत वनाधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर फौजदारी तक्रार दाखल करतो. तिचा क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख कोणालाही पाहता येते. पंच किंवा साक्षीदार म्हणून आपल्याला समन्स येईल, कदाचित काही वर्षांनी येईल. तेव्हा आठवणीसाठी पहिल्या दिवशी लिहिलेली वही आणि मूळ छायाचित्रे जपून ठेवलेली असावीत.

खात्याने काहीच केले नाही तर

वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५५ ने नागरिकाला एक अधिकार दिला आहे, ज्याचा वापर फार कमी होतो. घडलेला गुन्हा आणि त्याबाबत तक्रार करण्याचा आपला हेतू यांची किमान ६० दिवसांची नोटीस केंद्र शासनाला, राज्य शासनाला किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला दिल्यानंतर कोणतीही व्यक्ती स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करू शकते. नोटिशीची पद्धत आणि नमुना १९९५ च्या वन्यजीव (संरक्षण) नियमांत दिलेला आहे. ती नोंदणीसह स्पीड पोस्टनेच पाठवावी, कारण ६० दिवस कधीपासून मोजायचे याचा वाद पावतीनेच मिटतो. सोबत मूळ तक्रारीची शिक्का असलेली प्रत, छायाचित्रांच्या प्रती, माहिती अधिकारात मिळालेले कागद आणि कोणत्या तारखेला कोणी काय उत्तर दिले याचा एक पानी तक्ता जोडावा. मुदतीत खात्याने स्वतः तक्रार दाखल केली तर आपण साक्षीदार म्हणून तिला साहाय्य करावे. ती दाखल झाली नाही, तर वकिलाच्या मदतीने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावे. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि महिला यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, त्यामुळे नोटिशीची मुदत चालू असतानाच समितीकडे अर्ज देऊन ठेवावा.